हिरवळीत अडकलेली खोली

सन्माननीय अध्यक्ष आणि पदव्युत्तर विभागाचे संचालक डॉक्टर फुएन्तेआल्बा. व्यासपीठावर विराजमान झालेले, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे व्यासपीठाच्या कडेला उभे राहिलेले मान्यवर. निरनिराळ्या विभागांचे प्रमुख. प्रयोगशाळांच्या तळघरांतून आज खास परवानगीनं उजेडात आलेले डॉक्टरेटचे विद्यार्थी. आज आपला निरोप घेणाऱ्या उत्सवमूर्ती नोल्फाबाई रिकेल्मे. त्यांचे यजमान डॉन हेर्नान. आणि केकच्या आशेनं का होईना पण शांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. उत्सवमूर्तींनी मघाशी जिन्यात गाठून वेगळाच हुकूम दिला. "खालचं नोंदणी कार्यालय बंद होईस्तोवर बोलत राहा. विषय कुठलाही चालेल." उभा जन्म व्याकरण शिकवण्यात घालवलेल्या माणसाला इतकी मोकळीक खरं तर कुणी देऊ नये. पण ज्यांचा सत्कार त्यांचीच आज्ञा मोठी. तेव्हा अध्यक्षांनी घंटी वाजवली तर ती मला ऐकू येणार नाही, हे आधीच नम्रपणे नमूद करतो.

कारण लपवून ठेवत नाही. अब्नेर चिगुआय हे नाव तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. नसेल आठवत तर थोड्या वेळात आठवेल. चिलोए बेटावरचा हा मुलगा दलदलीतल्या शेवाळावर डॉक्टरेट करत होता, आणि गेल्या वर्षी तो ती अर्धवट टाकून घरी गेला. नोल्फाबाईंनी संचालकसाहेबांच्या मागे लागून लागून त्याची जागा आजच्या दिवसापर्यंत राखून ठेवलेली आहे. कार्यालय बंद व्हायच्या आत त्यानं जातीनं येऊन सही केली, तर तो पुन्हा आपला विद्यार्थी. नाही केली, तर उद्यापासून त्याची पाच वर्षं कुणाचीच नाहीत. तो येतो म्हणालेला आहे. बेटावरून येणारी बस वेळेवर पोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, म्हणून मी बोलतो आहे. बोलता बोलता माझी नजर दाराकडे गेली तर तो सभेचा अवमान समजू नये.

असो. प्रथम गौरव.

नोल्फाबाईंनी जो निधी इतकी वर्षं सांभाळला, त्याचं नाव 'डॉक्टरेट विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य आणि सामुदायिक उपक्रम यांसाठीचा लघुअनुदान निधी'. यातला 'लघु' हा शब्द कायम खरा ठरला. बाकीच्या शब्दांबद्दल मतभेद आहेत. या निधीतून एक गायनवृंद निघाला, तो तिसऱ्या तालमीला कोण किती वरच्या पट्टीत गातं या वादावरून विसर्जित झाला. भाजीचा वाफा झाला, त्यात पालकाखेरीज काही उगवलं नाही, आणि सगळा हिवाळा वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी तोंड वाकडं करून पालक खात होते. विणकाम मंडळ झालं. त्याचा मफलर मी अजून वापरतो, तो रुंदीला जास्त आणि लांबीला कमी आहे. हसताय, हसा. पण ज्या मुलीनं तो विणला तिनं त्या हिवाळ्यात, मफलर संपेपर्यंत तरी थांबू, एवढ्याच कारणानं प्रबंध सोडला नाही. हे तिनंच मला सांगितलं. आज ती तिकडे खिडकीपाशी बसली आहे, डॉक्टर म्हणून. नाव घेत नाही, तिला संकोच होईल. झालाच.

निधी मागायला आलेल्याला नोल्फाबाई एकच प्रश्न विचारायच्या. उद्दिष्टं काय, फलनिष्पत्ती काय, असलं काही नाही. समोर पाव आणि चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, "तुझ्याबरोबर कोण आहे?" कुणी नसेल तर म्हणायच्या, "मग आधी माणसं शोध, पैसे कुठे पळून जात नाहीत." माणसं शोधता शोधताच पोरं अर्धी बरी व्हायची. या युक्तीला मानसशास्त्र विभागाचे लोक काय म्हणतात मला ठाऊक नाही. काहीतरी लांबलचक म्हणत असतील.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये अब्नेर त्यांच्यासमोर बसला. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याचा आवाज ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याचे मार्गदर्शक अभ्यासरजेवर युरोपात होते आणि त्यांची उत्तरं धूमकेतूच्या नियमिततेनं येत. नोल्फाबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सगळे असतील, मावशी," अब्नेर म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण रे?"

"अजून विचारलं नाही कुणाला. जेवायला काय घालणार ते ठरल्याशिवाय कसं विचारू? बरं दिसत नाही ते."

त्याचं म्हणणं असं होतं. हरितगृहामागे बियाणं ठेवायची एक जुनी लाकडी खोली होती, ती पाडून तिथे गाड्या लावायची जागा व्हायची होती. आणि डॉक्टरेटच्या पोरांना आख्ख्या आवारात एकत्र बसायला एक खोली नव्हती. जिन्यात बसून डबे खायचे, अजून खातात. मग ती खोलीच उचलून नदीकाठच्या झाडांखाली न्यावी, तिथे एक शेगडी मांडावी. चिलोएत घर बदलायचं म्हणजे सामान हलवत नाहीत, घरच हलवतात. खाली ओंडके घालायचे, दोर बांधायचे, बैल जुंपायचे, आणि गाव लोटलं की घर चालायला लागतं. त्याला मिंगा म्हणतात. ज्याचं घर, त्यानं जेवण घालायचं, एवढीच मजुरी. अब्नेरला निधीतून दोर आणि जेवण हवं होतं. बाकी माणसं करतील.

नोल्फाबाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. समितीत मीही होतो. आम्ही चर्चा केल्यासारखं केलं.

सुरक्षा विभागानं मात्र बैलांना हरकत घेतली. आवारात यायला ओळखपत्र लागतं आणि बैलांकडे ते नाही. त्यावर नोल्फाबाई म्हणाल्या, "ओळखपत्र असलेले पुष्कळ आहेत इथे. त्यांनाच जुंपू." संचालकसाहेब, हे त्या तुमच्याबद्दल बोलल्या नव्हत्या, निदान नाव घेऊन नाही.

आता आमंत्रणाचा भाग. बेटावरची रीत अशी की मिंगाला बोलवायचं तर यजमानानं प्रत्येकाच्या घरी जायचं, बसायचं, आणि तोंडानं मागणं घालायचं. निरोप पाठवून चालत नाही. ज्याला विचारलं तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. हो म्हणाला की झालं. आजारी पडला तर भावाला पाठवतो, भाऊ नसेल तर मेहुण्याला. अब्नेरनं तेच केलं. दोन आठवडे तो एकेका प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. ज्याचं वर्षभर कुणाशी बोलणं नव्हतं, तो माणूस तुम्हा सगळ्यांशी बोलला. आठवतंय ना आता?

माझ्याकडेही आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "सर, शनिवारी खोली ओढायला याल का?"

"अब्नेर, माझी कंबर तू बघतोसच. ओढणार नाही मी. बघायला येईन."

त्यानं उठून माझा हात हातात घेतला. "बरं झालं सरळ सांगितलंत. दोराला किती हात येणार, ते मला नक्की कळायला हवं."

बाकी सगळ्यांनी हो म्हटलं. "अरे, हे काय विचारणं झालं?" "येणारच की." "माझ्यावर सोड." या शहरात कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं समजतात, आणि हो म्हणणं ही नमस्कारासारखी एक रीत आहे. नमस्कार केला म्हणून काही कुणी दुसऱ्या दिवशी हजर होत नाही. मी नावं ठेवत नाही. मी ज्या देशातून आलो तिथे माणूस निघताना 'येतो' असं म्हणून निघतो, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. तुम्ही खोटं बोलला नव्हता. तुम्हाला वाटलं, तो तुमचीच भाषा बोलतोय.

नोल्फाबाईंनी त्याला सांगून पाहिलं. "अरे, निम्मे येतील असं धरून चाल."

"मावशी, हो म्हणालेत ते."

"इथलं हो वेगळं असतं, बाळा."

"हो कसं वेगळं असेल?" असं म्हणून तो शिंपले आणायला गेला.

एप्रिलमधला शनिवार. आकाश स्वच्छ, इथे ते किती दुर्मीळ ते तुम्ही जाणता. पहाटेपासून खड्डा पेटला होता. दगड तापले, वर शिंपले, धुरावलेलं डुकराचं मांस, कोंबडी, बटाटे, बटाट्याच्या थापलेल्या पोळ्या, आणि सगळ्यावर पानांचे हे एवढाले थर. हा कुरान्तो. बेटावरच्या एका गावाला पुरेल इतका. अब्नेरचे वडील, डॉन सेलिन्दो, फेरीबोटीनं आणि मग बसनं दोराची वेटोळी खांद्यावर घेऊन आले होते. शेजाऱ्यांच्या होड्यांचे दोर मागून आणलेले. पोराचं विद्यापीठ ते पहिल्यांदाच बघत होते.

आलो कोण? नोल्फाबाई, गुडघा बांधून डॉन हेर्नान, फाटकावरचा पहारेकरी, कोलंबियाची मिलेइदी कडेवर लेक घेऊन, शेवाळाच्या प्रयोगशाळेतले एक-दोघं, आणि माझी कंबर. बाकीच्यांचे निरोप आले. एकाचं प्रकरण सोमवारी द्यायचं होतं. एकाच्या मावशीचा वाढदिवस होता. बरेच जण लिहीत होते, "कसं चाललंय? फोटो पाठव हं."

डॉन सेलिन्दो बराच वेळ ओंडक्यावर बसून रिकाम्या वाटेकडे बघत होते. मग त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "इथे कुणी गेलं का आज?"

"कुठे गेलं?"

"मेलं का कुणी, असं विचारतोय. हो म्हणूनही इतकी माणसं येत नाहीत, ती गावात मयत झाली तरच."

"नाही, बाबा. कामात आहेत."

"शनिवारी?"

अब्नेर उठला. त्यानं दोर उचलला. आम्ही ओढलं. आम्ही म्हणजे ते. मी बाजूला उभा राहून ताल धरायला 'हो' ओरडत होतो. खोली हलली, हे सांगायला हवं. तिच्या जागेवरून ती सुटली आणि ओंडक्यांवरून कुरकुरत हिरवळीवर आली. मिलेइदीची लेक टाळ्या वाजवत होती. मग जमीन मऊ लागली, पुढचा ओंडका मातीत रुतला आणि खोली एका अंगाला कलून थांबली. बैल असते, किंवा तुम्ही असता, तर गेली असती. नदी समोर दिसत होती.

जेवण उरलं, हे सांगायला नकोच. डॉन सेलिन्दोंनी नियम काढला की ज्याला बोलावलं त्याचा वाटा त्याला पोचलाच पाहिजे, तो आला नाही हा त्याचा प्रश्न. म्हणून सोमवारी अब्नेर पानांत बांधलेली पुडकी घेऊन पुन्हा त्याच दारांत उभा राहिला. तुम्ही खाल्लीत. वाखाणलीत. "काय झालं होतं रे चवीला! पुढच्या वेळी नक्की येणार." मी माझ्या खोलीतून ऐकत होतो. तो प्रत्येक दारात मान डोलवत होता आणि म्हणत होता, "हो, हो."

समितीच्या अहवालात 'उद्दिष्ट अंशतः साध्य' असं लिहिलं गेलं. माझ्यामागे हा जो फलक लावलाय, 'आपला समुदाय, आपलं स्वास्थ्य', त्यावरचं छायाचित्र त्याच शनिवारचं आहे. दोर ओढणारे हात तेवढे दिसतात. जिथे हात संपतात तिथे छायाचित्र कापलेलं आहे. ते काम ज्यानं केलं त्याच्या कलेला दाद द्यायला हवी.

त्या हिवाळ्यात अब्नेर त्या कललेल्या खोलीत बसून काम करायचा. शेगडी नव्हती. पाऊस एका कोपऱ्यातून आत यायचा, तो दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा. नोल्फाबाई डबा घेऊन जायच्या. मी दोनदा गेलो, शुद्धलेखनाचं निमित्त काढून. त्याच्या प्रबंधात चूक सापडत नव्हती. ऑगस्टमध्ये, हिवाळा सरता सरता, एका सकाळी खोलीला बाहेरून कडी होती, आणि तिला तारेनं नीट बांधून ठेवलं होतं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

संस्कृतात योगक्षेम असा एक शब्द आहे. जे नाही ते मिळवणं, आणि जे आहे ते राखणं. मिळवण्यासाठी आपल्याकडे निधी होता. राखणं कुणाच्या कार्यकक्षेत येतं हे मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. सगळे फार आपुलकीनं बोलले.

आता निधीही राहणार नाही, हे संचालकांनी मघा मोठ्या उत्साहानं सांगितलंच. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या फोनवर एक सोय येते आहे. ती रोज सकाळी विचारेल, 'आज कसं वाटतंय?' आणि उत्तरासाठी चेहरे दाखवेल. मी ती वापरून पाहिली. रडका चेहरा निवडला तर ती दीर्घ श्वास घ्यायला सांगते. मी घेतला. वाईट नाही. तुझ्याबरोबर कोण आहे, असं मात्र ती विचारत नाही.

दार उघडलं. नाही, केक आहे. आणा आत, आणा. तिकडे टेबलावर ठेवा. नोल्फाबाई, बसा तुम्ही, केकच आहे.

थोडं उरलं आहे, तेवढं सांगतो. आणि हे सांगू नये असं मला सकाळपासून वाटत होतं.

गेल्या महिन्यात नोल्फाबाई बेटावर गेल्या. फोन नाही, पत्र नाही. त्याच्याच रीतीनं, त्याच्या घरी जाऊन, बसून, तोंडानं मागणं घालायला. अब्नेर आता मासे पोसायच्या पिंजऱ्यांवर काम करतो. आईनं चहा केला, डॉन सेलिन्दोंनी चुलीत लाकूड सारलं. नोल्फाबाई म्हणाल्या, "जागा राखून ठेवलीये. माझ्या निरोपाच्या दिवशी ये. खाली सही कर आणि वर येऊन केक खा. येशील?"

तो म्हणाला, "अहो मावशी, हे काय विचारणं झालं? येणारच की. माझ्यावर सोडा."

बाई परत आल्या त्या पंधरा वर्षांनी तरुण होऊन. जिन्यातच मला गाठलं. "हो म्हणाला! चिलोएचा माणूस आहे, हो म्हणाला म्हणजे आला." आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेलं. कुठलं वाक्य कुठल्या मुलखातलं, ते मला पहिल्याच शब्दाला कळतं. ते वाक्य बेटावरचं नव्हतं. ते इथलं होतं, या इमारतीतलं, तळघराच्या बोळातलं, प्रत्येक दारात त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. पाच वर्षांत आपण त्याला पदवी दिली नाही, बसायला खोली दिली नाही. एवढं मात्र शिकवलं, आणि तो हुशार विद्यार्थी होता.

मी तेव्हा नोल्फाबाईंना काही बोललो नाही. म्हटलं, महिनाभर तरी असू दे त्यांच्याकडे ते हो.

आता आभार. संचालकांनी जागा इतके दिवस राखली, त्यांचे आभार. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी आज नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त दार उघडं ठेवलं, त्यांचे विशेष आभार; आत्ता खाली दाराचा पत्रा ओढून घेतल्याचा आवाज आला, तो मला आला तसा इतरांनाही आला असावा. डॉन हेर्नान, बाईंना घरी घेऊन जा आणि काही दिवस त्यांना कुणाकडे पाठवू नका. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, सन्मानाचा क्रम चुकला असेल, हसू नये तिथे मी हसवलं असेल, तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. भाषण लांबलं याबद्दल मात्र माफी मागत नाही; आणखी लांबवता आलं असतं तर लांबवलं असतं.

नोल्फाबाई, दाराकडे नका बघू आता. या, केक कापा.